मिन्जेरिबाला जाण्याआधी

ब्रिस्बेन

चि. ईरा हिस अनेक आशीर्वाद.

नाताळात मैत्रिणींना घेऊन नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटावर जायचं म्हणतेस आणि वर विचारतेस, 'तिथे बीचशिवाय आहे काय?' फोनवर सांगायला लागले तर तू 'आई, शॉर्टमध्ये' म्हणशील. म्हणून लिहूनच पाठवते.

बेटाचं खरं नाव मिन्जेरिबा. ते क्वांडामूका या तिथल्या मूळ आदिवासी लोकांचं. ब्रिटिश दर्यावर्दी कुक १७७० मध्ये समोरून जाता जाता टोकाला पॉइंट लुकआउट नाव देऊन गेला, पण या जमिनीवरचा क्वांडामूकांचा हक्क कोर्टाने मान्य करायला २०११ उजाडलं!

जगातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं वाळूचं बेट. पहिलं के'गारी, तेही आपल्या क्वीन्सलँडमध्येच. न्यू साउथ वेल्सच्या डोंगरांची झीज नद्यांनी समुद्रात आणली आणि लाटांनी ती किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला लोटली. वाळूत पाणी ठरत नाही असं वाटतं ना? ब्राउन लेक बघ. कुजक्या पालापाचोळ्याचा थर तळाशी घट्ट बसलाय आणि त्यावर पावसाचं पाणी अडलंय. रंग थेट कोऱ्या चहाचा. ब्लू लेकचं तसं नाही, तिथे जमिनीतलं पाणीच उघड्यावर आलंय. सनस्क्रीन चोपडून तळ्यांत उतरू नका, एवढं ऐक.

फेरी बेटावरच्या डनविच गावाला लागते. सगळे तिथून गाड्या दामटत पॉइंट लुकआउट गाठतात. तुम्ही मात्र आधी दफनभूमीत जा. १८६० च्या दशकापासून १९४६ पर्यंत म्हातारी, आजारी, निराधार माणसं सरकार इथल्या आश्रमात आणून ठेवायचं. त्यांतली ८,००० वर माणसं इथेच पुरलीत, बहुतेकांच्या कबरीवर साधा दगडसुद्धा नाही. शहराला नकोशी झालेली माणसं समुद्रापलीकडे ठेवायची ही युक्ती मला फार कोडगी वाटते.

आणि या आश्रमात राबायचे कोण, तर क्वांडामूका. पगार गोऱ्यांच्या मानाने तुटपुंजा, बाकी शिधा. वर्षानुवर्षं भांडून १९४४ मध्ये त्यांनी समान वेतन मिळवलं. देशातल्या इतर आदिवासी कामगारांना त्यासाठी आणखी कितीतरी वाट पाहावी लागली. बीचच्या फोटोंत हे कुठे दिसणार?

कवयित्री ऊजरू नूनुक्कल याच बेटावरची, जन्म १९२०चा. तेराव्या वर्षी शाळा सुटली, ब्रिस्बेनला घरकामाला लागली. १९६४ मध्ये तिचा कवितासंग्रह आला, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कवीचा छापलेला पहिलाच. १९८८ मध्ये देशाने गोऱ्यांच्या आगमनाची द्विशताब्दी साजरी केली, तिच्या निषेधार्थ तिने ब्रिटिश सरकारचा किताब परत केला. उतारवयात बेटावरच्या मूंगलबात राहून तिने हजारो मुलांना झाडं, शिंपले, गोष्टी शिकवल्या. तू वाचतेस, तर तिच्या कविता सोबत घेच.

खनिजांसाठी वाळू उपसणं २०१९ अखेर थांबलं. मला बरं वाटलं, पण डनविचच्या बऱ्याच घरांची चूल त्या पगारावर पेटायची. तिथल्या दुकानात याबद्दल मतं ऐकायला मिळतील. ऐकून घे, वाद घालू नकोस.

व्हेल डिसेंबरात दिसायच्या नाहीत, त्या इथल्या हिवाळ्यातल्या, म्हणजे जून-जुलैच्या. क्लीव्हलँडहून गाडी न्यायची तर फेरीचं बुकिंग आत्ताच कर, नाताळात जागा मिळत नाही. अंधारात हळू चालव, कोआला रस्ता ओलांडतात.

तुझी आई