मंत्रिमहोदय, आमच्या भेटीलाही नियम लावा

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी वसईची. आमच्या धर्मग्रामातला, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतला, तीसेक जणांचा गट गेली नऊ वर्षं डिसेंबरातल्या एका शनिवारी मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत जातो. पहाटे पाचला बस सुटते आणि मनोर, विक्रमगड, जव्हार करत सकाळी पोचते. सोबत ब्लँकेटं, वह्या, केक आणि आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. चर्चच्या सूचनाफलकावर याला ‘मिशन भेट’ म्हणतात. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस मुख्याध्यापकांना जाईल, आणि तो माणूस भला आहे.

तक्रार तुमच्या खात्याबद्दल आहे, पण आधी आमच्याबद्दल सांगते.

बस फाटकातून आत शिरते तेव्हा मुलं पटांगणात रांगेनं बसलेली असतात. कधीपासून बसलीत, हे विचारायला मला सात वर्षं लागली. ‘साडेआठपासून,’ एक मुलगा म्हणाला. त्या दिवशी घाटात टायर बसल्यामुळे आम्ही साडेअकराला पोचलो होतो. मग स्वागतगीत, मग तारपा, मग प्रत्येक पाहुण्याला एकेक फूल, फादरांचे दोन शब्द आणि आमच्या अध्यक्षांचे दोनशे. शेवटी वाटप. ब्लँकेटचं एक टोक मुलाच्या हातात, दुसरं आमच्या, आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं धर्मशिक्षणाच्या वर्गात मीच मुलांना शिकवते. मागचा बॅनर आठ फुटी असतो.

आम्ही काही एकटे नाही. जव्हारकडच्या वावर-वांगणीत 1992 साली कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हापासून या रस्त्यावर गाड्या थांबलेल्या नाहीत. मंत्री, पत्रकार, संस्था, कंपन्यांची माणसं, वाढदिवस साजरे करणारे पुढारी, सगळे येऊन गेले. 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आणखी आले. मुलांना या सगळ्याची इतकी सवय झाली आहे की फोटोसाठी कुठे उभं राहायचं हे त्यांना सांगावं लागत नाही.

गेल्या डिसेंबरात भाषणं चालू असताना मी उठून मुलींच्या खोलीत गेले. दिवसा तो सहावीचा वर्ग, रात्री तीच निजायची जागा. फळ्याखाली पत्र्याच्या पेट्या ओळीनं लावलेल्या, वर घड्या करून ठेवलेल्या गोधड्या. खाट एकही नाही. आमची मागच्या वर्षीची ब्लँकेटं कोपऱ्यात होती. मुली ती अंगावर घेत नव्हत्या, खाली अंथरत होत्या, कारण फरशी गार पडते. बाजूला न्हाणीघरं. आठ दारं, कडी एकालाही नाही. गच्चीवर सौरबंबाच्या नळ्या दिसत होत्या, पण त्यातून गरम पाणी आलेलं तिथल्या कामाठी मावशींना आठवत नाही. अंघोळीला एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं. पहाटेच्या थंडीत, गार पाण्यानं.

तिथे एक मुलगी भेटली. ‘तुम्ही वसईचे ना? माझी आई पण तिकडंच आहे. भट्टीवर.’ दिवाळीनंतर इथले पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडीला, वसई-विरारला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात. आमच्या नाक्यावर सकाळी उभी असलेली, ज्यांच्याशी आम्ही रोजासाठी घासाघीस करतो, ती या मुलांचीच आईबापं. साबण-तेलाचे पैसे आता थेट बँक खात्यात जातात हे मला ठाऊक आहे. पण बँक तालुक्याला आणि आई भट्टीवर असेल, तर पोरीनं साबण कुठून आणायचा?

साहेब, खाट, कडी आणि गरम पाणी ही दानाची वस्तू नव्हे. राज्यपालांनी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीनं 2016 मध्ये अहवाल दिला. आश्रमशाळांतल्या हजाराहून जास्त मुलांचे पंधरा वर्षांत मृत्यू झाले, हे त्या अहवालामुळे सर्वांसमोर आलं. मुलं जमिनीवर झोपतात तिथे साप-विंचू येणारच, हे कळायला समितीही लागत नाही. आश्रमशाळांतल्या रोजंदारीवरच्या शिक्षक-कर्मचाऱ्यांनी 2025 च्या पावसाळ्यात नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडलं होतं. आमच्या शाळेतल्या दोन शिक्षकांची गतही वेगळी नाही. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हेच त्यांना माहीत नसतं. त्यांनी कडीच्या अर्जाचा पाठपुरावा करावा, अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडानं करू?

आता आमच्या धर्माबद्दल, कारण तुमच्या मनात ते आलंच असेल. चर्चचे लोक म्हटल्यावर धर्मप्रचार करणार नाही असं हमीपत्र आमच्याकडून घेतलं जातं. आम्ही ते आनंदानं देतो. केक कापून परत येतो, तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होत नाही, कुणाच्या गळ्यात काही घालत नाही. राग त्याचा नाही. मात्र तीस अनोळखी प्रौढ माणसं दिवसभर मुलींच्या खोल्यांपर्यंत फिरतात, आणि त्यांची नावं, ओळखपत्रं नऊ वर्षांत एकदाही कुणी मागितली नाहीत. देवाबद्दल प्रश्न विचारला, पोरींबद्दल नाही.

म्हणून मागणं असं की एक परिपत्रक काढा आणि ते सगळ्यांना लावा: चर्चला, मंडळांना, कंपन्यांना, तुमच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनाही. मुलांना पाहुण्यांसाठी ताटकळत बसवू नये. वस्तू घेतानाचे फोटो बंद. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं बंदी आहे. आश्रमशाळेतली मुलं त्यात मोडतात की नाही, यावर वकिलांनी काथ्याकूट करावा. परिपत्रक तोवर थांबायला नको. येणाऱ्या प्रत्येकाची ओळख आधी तपासावी. आणि शाळेत एक वही ठेवावी, ज्यात पाहुण्यांनी दिलेलं नव्हे, न दिसलेलं लिहायचं: खाट नाही, कडी नाही, पाणी गार. त्या पानाची प्रत तुमच्या खात्याच्या प्रकल्प कार्यालयात जावी आणि महिन्याच्या आत उत्तर यावं. अभिप्रायाची वही आजही आहे. मी चाळली. पानोपानी ‘अतिशय उत्तम उपक्रम’. त्यातली दोन वाक्यं माझ्या अक्षरात आहेत.

आमच्या गटात यावरून बरीच वादावादी झाली. बॅनर नको म्हटल्यावर दोन देणगीदार मागे हटले. एकीनं विचारलं, ‘मग जायचंच कशाला?’ प्रश्न रास्त आहे, मी अजून त्यावर विचार करते आहे. या वर्षी ब्लँकेटांचे पैसे बाजूला ठेवून आमच्यातल्या सुताराला नेलं, आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीनं त्यानं आठ दारांना आठ कड्या बसवल्या. जेवणाआधी काम उरकलं. लगेच एक मुलगी आत गेली, कडी लावली, उघडली, पुन्हा लावली.

सौरबंब मात्र सुताराच्या हातचा नाही. त्यासाठीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीनं जानेवारीत दिला आहे. पोच अजून आलेली नाही.

आपली,
वसईच्या एका धर्मग्रामातली कार्यकर्ती