महामारीचा खर्च कोणी सोसायचा, हे साथ येण्याआधी ठरवा

संपादक महोदय,

करोनाकाळातल्या खाटा, प्राणवायू आणि रेमडेसिविर यांवर पुष्कळ लिहून झाले. पैसा किती उशिरा आला, तो उशीर कोणत्या निर्णयांमुळे झाला आणि त्यामुळे सावरायला किती वेळ लागला, हा विषय मात्र फारसा कुणी हाताळत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पाचे आणि जीएसटीचे आकडे नियमित तपासणारे आम्ही काही जण त्याविषयी हे पत्र लिहीत आहोत. पुढची साथ कधी येईल ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ती आली तर पैशाचा वाद २०२० सालच्याच जागी पुन्हा सुरू होईल, अशी आजची स्थिती आहे.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय. म्हणजे डॉक्टर, परिचारिका, औषधे, चाचण्या यांचा मुख्य भार राज्यांवर आणि महापालिकांवर. २४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी लागली ती मात्र केंद्राच्या आदेशाने, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली. घोषणा आणि अंमल यांत चार तासांचे अंतर होते. दुकाने, कारखाने, वाहतूक, मुद्रांक नोंदणी, मद्यविक्री असे राज्यांचे उत्पन्नाचे बहुतेक स्रोत त्या एका आदेशाने आटले. बंद करण्याचा अधिकार एकाकडे आणि बंदचा खर्च दुसऱ्याकडे, अशी ही रचना आहे.

१८९७ साली मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी केलेल्या साथरोग कायद्यात, तो अवघ्या चार कलमांचा असूनही, उपायांचा खर्च आणि द्यायची झाल्यास नुकसानभरपाई कोणी व कशी सोसायची हे ठरवण्याचा उल्लेख दुसऱ्या कलमात आहे. एप्रिल २०२० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षेची तरतूद झाली, आणि ती आवश्यकच होती. पण केंद्राने टाळेबंदी लावली तर राज्यांच्या बुडालेल्या महसुलाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाही कोणी कायद्यात घेतला नाही.

तो प्रश्न मग केंद्र आणि राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या जीएसटी परिषदेत भांडणाच्या रूपाने आला. जीएसटी लागू करताना केलेल्या २०१७ च्या भरपाई कायद्याने राज्यांना महसुलाची पाच वर्षांची हमी दिली होती. २०१५-१६ हे आधारवर्ष, त्यावर दरसाल १४ टक्के वाढ, आणि त्याहून वसुली कमी पडली तर फरक दर दोन महिन्यांनी केंद्राने द्यायचा. हा पैसा तंबाखू, मोटारी, शीतपेये, कोळसा अशा वस्तूंवरच्या भरपाई उपकरातून यायचा होता. एप्रिल २०२० मध्ये देशाची जीएसटी वसुली ३२,१७२ कोटी रुपयांवर आली. वर्षभरापूर्वी त्याच महिन्यात ती १ लाख १३ हजार कोटींहून अधिक होती. मोटारी विकल्या जात नव्हत्या, त्यामुळे उपकराची वसुलीही घटली. ज्या वर्षी भरपाईची गरज सर्वांत मोठी, त्याच वर्षी भरपाईची थैली रिकामी. कायदा करतानाच हा दोष राहिला होता.

२७ ऑगस्ट २०२० च्या बैठकीत केंद्राने हिशेब मांडला : वर्षाची तूट ३ लाख कोटी, उपकरातून अपेक्षित ६५ हजार कोटी, म्हणजे उरलेली २ लाख ३५ हजार कोटी. मग या तुटीचे दोन भाग केले गेले. जीएसटी लागू झाल्यामुळे आलेली तूट ९७ हजार कोटी (पुढे १ लाख १० हजार कोटी) आणि बाकीची ‘दैवी आपत्ती’मुळे. राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले. लहान रक्कम रिझर्व्ह बँकेच्या खास कर्जसोयीतून घ्या, मुद्दल-व्याज दोन्ही उपकरातून फिटेल. किंवा पूर्ण रक्कम बाजारातून उचला, पण व्याज तुम्ही भरा. भरपाई कायद्यात तुटीच्या कारणांचा असा कोणताही भेद नव्हता. भेद केला गेला तो वाटाघाटीत वरचष्मा मिळावा म्हणून, असे आमचे स्पष्ट मत आहे.

५ आणि १२ ऑक्टोबरच्या बैठका निर्णयाविना संपल्या. १५ ऑक्टोबरला केंद्राने स्वतःच १ लाख १० हजार कोटींचे कर्ज काढून ते राज्यांना जसेच्या तसे द्यायचे ठरवले आणि २३ ऑक्टोबरला सहा हजार कोटींचा पहिला हप्ता सोळा राज्यांना मिळाला. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. केरळ, पश्चिम बंगाल, पंजाब, राजस्थान, छत्तीसगड, झारखंड ही राज्ये नंतर आली. नंतर आलेल्या या सहाही राज्यांत केंद्रातल्या विरोधी पक्षांची सत्ता होती.

आमच्या मते यातली सर्वांत गंभीर बाब ही की ऑक्टोबरात सापडलेला मार्ग एप्रिलमध्येही मोकळा होता. केंद्राला कर्ज राज्यांपेक्षा कमी व्याजाने मिळते, फेड उपकरातून होणार होती, म्हणजे केंद्राच्या तिजोरीवर कायमचा भार येणारच नव्हता. पुढच्या वर्षी याच रीतीने १ लाख ५९ हजार कोटी दिले गेले आणि कर्ज फेडण्यासाठी उपकराची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली गेली. सहा महिने गेले ते केवळ कोणी कोणापुढे झुकायचे या वादात.

त्याच काळात, मे २०२० मध्ये, केंद्राने पेट्रोलवर लिटरला १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवले. यातले ८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे, बाकीचे विशेष अतिरिक्त शुल्काचे. उपकर आणि अधिभार राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करनिधीत येत नाहीत. मूळ उत्पादन शुल्क वाढवले असते तर त्यातला ४१ टक्के हिस्सा राज्यांना गेला असता. ग्राहकाच्या खिशातून पैसे तेवढेच गेले, राज्यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. मग आपल्या राज्याने १ जूनपासून इंधनावर स्वतःचा दोन रुपये उपकर चढवला. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही तसेच. पीएम केअर्सला दिलेला पैसा त्या खर्चात धरला जाईल, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेला धरला जाणार नाही, असा खुलासा १० एप्रिल २०२० रोजी झाला.

लसीच्या बाबतीतही हाच खेळ झाला. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाची लस राज्यांनी स्वतः विकत घ्यायची ठरले. कोव्हिशिल्डचा डोस केंद्राला १५० रुपयांना आणि राज्यांना ३००. मुंबई महापालिकेने एक कोटी डोसांची जागतिक निविदा काढली, हाती काही लागले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर ७ जूनला धोरण मागे घेतले गेले. साथीच्या सर्वांत वाईट महिन्यांत पाच-सहा आठवडे गेले.

केंद्राकडे बोट दाखवून महाराष्ट्राची सुटका मात्र होत नाही. ४ मे २०२० च्या परिपत्रकाने राज्याने विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लावली आणि आरोग्य वगळता नोकरभरती थांबवली. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज हे खर्च टाळता येत नाहीत, म्हणून कुऱ्हाड नेहमी रस्ते, शाळाखोल्या, पाणीयोजना यांवर पडते. पण मंदीत सिमेंट, खडी, डंपर आणि मजुरी यांना मागणी देणारा खर्च हाच. तो बंद केला की लहान कंत्राटदाराची देयके अडकतात, तो पुरवठादाराचे पैसे थकवतो, पुरवठादार बँकेचा हप्ता चुकवतो.

सवलत मिळाली ती घरखरेदीला. मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चपर्यंत दोन टक्क्यांनी कमी केले. मुंबईत पाचाचे दोन टक्के झाले. नोंदणी कार्यालयांत गर्दी झाली, हे खरे. शुल्क डिसेंबरात भरून दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवायची मुभा होती, त्यामुळे पुढच्या वर्षीची खरेदीही डिसेंबरात ओढली गेली. ज्यांची घर घ्यायची ऐपत टिकून होती त्यांना मदत झाली.

त्या घरांवर काम करणाऱ्या मजुराचे काय झाले ते पाहा. एप्रिल २०२१ च्या ५,४७६ कोटींच्या पॅकेजमध्ये बांधकाम मजुराला, फेरीवाल्याला आणि रिक्षाचालकाला १,५०० रुपये होते. अट एकच, नोंदणीची. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी हवी तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराने किंवा ग्रामसेवकासारख्या अधिकाऱ्याने द्यायचा. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करायचे; ते राहिले की नाव सक्रिय यादीतून जाते. नाक्यावरच्या मजुराला तीन दिवस एकाकडे, चार दिवस दुसऱ्याकडे काम मिळते. ९० दिवसांचा दाखला त्याला कोण देणार? ठेकेदारही दाखला देताना कचरतो, कारण दाखला दिला की मजूर आपल्याकडे होता हे कागदावर येते. मंडळाकडे बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकराचे हजारो कोटी जमा होतात. पैसा होता, यादी अपुरी होती. फेरीवाल्यांचे रडगाणे याहून निराळे नाही. २०१४ च्या कायद्यातले सर्वेक्षण रखडलेले, त्यामुळे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून मदतीच्या यादीत नाव नाही. सर्वेक्षण रखडते कारण प्रत्येक प्रभागात जागेचा वाद असतो आणि तो ओढवून घ्यायला कोणताही पक्ष तयार नसतो.

पैसा वेळेवर देणारी रचना अशक्य नाही. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर महापालिकांना भरपाई देण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये जो कायदा केला, त्यात दरसाल आठ टक्के वाढ आणि महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आगाऊ रक्कम, असे लिहिले आहे. त्यासाठी महापौराने मंत्रालयात खेटे घालायचे नाहीत. तारीख कायद्यात आहे.

केंद्र-राज्य पातळीवर आज एवढाही आधार उरलेला नाही. १४ टक्क्यांची हमी जून २०२२ मध्ये संपली, म्हणजे पुढच्या साथीत भांडायलासुद्धा कायदा नाही. म्हणून जीएसटी परिषदेत महाराष्ट्राने लेखी प्रस्ताव मांडावा : आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली केंद्राने देशव्यापी निर्बंध लावले, तर पहिल्या तिमाहीतली घट आधीच्या वर्षाच्या त्याच तिमाहीशी ताडून तीस दिवसांत केंद्राने कर्जरूपाने भरून द्यावी; कारणांचा वाद आणि फेडीचा हिशेब नंतर व्हावा. त्या काळात इंधनावर नवा उपकर लावल्यास त्यातला राज्यांचा हिस्सा ४१ टक्केच धरावा. राज्याच्या हातातले काम मात्र दिल्लीची वाट न पाहता व्हायला हवे. बांधकाम मजुराची नोंदणी तीन वर्षे टिकावी, ९० दिवसांसाठी अनेक ठेकेदारांकडचे दिवस जोडून धरावेत आणि नाक्यावर येऊन नोंदणी करणारी पथके नेमावीत. यासाठी लागणारा पैसा मंडळाकडे आजही पडून आहे. पुरवणी मागण्यांच्या वेळी विरोधी आणि सत्ताधारी दोन्ही बाजूंच्या आमदारांनी कामगारमंत्र्यांना एवढे तरी विचारावे : सक्रिय यादीत आज किती नावे आहेत, आणि गेल्या वर्षभरात नूतनीकरण न झाल्याने किती गळाली?

आपले,
राज्य व स्थानिक संस्थांच्या अर्थकारणाचे काही अभ्यासक, पुणे