परदेशी अन्नतंत्राची फाईल कुठे अडते?

संपादक महोदय,

पदवीचे निकाल जवळ आले की बेळगावपासून निपाणी-चिक्कोडीपर्यंत ‘जर्मनीत फी नाही’, ‘आयईएलटीएसची गरज नाही’ असे फलक झळकू लागतात. फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करायला बाहेर जाऊ म्हणणाऱ्या मुलांच्या पालकांचे प्रश्नही ठरलेले असतात: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बँड (गुण) किती लागतात आणि खर्च किती येतो? प्रश्न रास्त आहेत. पण फाईल बहुधा तिसऱ्याच कारणाने परत येते, आणि ते कारण फलकावर कधी नसते. तिकडचे विद्यापीठ पदवीचे नाव बघून प्रवेश देत नाही, पदवीत कोणते विषय किती शिकलात ते मोजते.

नेदरलँड्सचे वॅगेनिंगन घ्या. तिथल्या फूड टेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.ला गणित-संख्याशास्त्र, सेंद्रिय व जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र-अभियांत्रिकी, या सगळ्यांचा पाया लागतो. आपल्याकडे रसायन किंवा मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. केलेल्यांची बाजू अभियांत्रिकीत लंगडी पडते: उष्णता कशी वाहते, द्रव पाइपातून कसा जातो, वस्तुमानाचा ताळेबंद कसा मांडायचा, यांचा एकही पेपर नसतो. केमिकल किंवा मेकॅनिकलवाल्यांचे नेमके उलटे, त्यांना जैवरसायन आणि सूक्ष्मजीव नडतात. कृषी पदवीत सगळे थोडे थोडे असते, पण अन्नप्रक्रियेचे पेपर एक-दोनच.

म्हणून पहिले काम आयईएलटीएसचा क्लास लावण्याचे नाही. विषयांचा तक्ता करा. प्रत्येक पेपरचे नाव, तासिका, प्रात्यक्षिकांचे तास, क्रेडिट आणि खाली पाच-सहा ओळींत घटक, असे सगळे विद्यापीठाच्या छापील अभ्यासक्रमातून उतरवून प्राचार्यांच्या सहीशिक्क्याने घ्या. ‘अप्लाइड मायक्रोबायॉलॉजी’ नावाच्या पेपरात निम्मा भाग दूध, डबाबंद पदार्थ आणि पाश्चरायझेशनचा असू शकतो. पण नुसती गुणपत्रिका वाचणाऱ्या तिकडच्या माणसाला ते कळणार कसे? युरोपात पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० ईसीटीएस (अभ्यासाचा भार मोजण्याची तिकडची सामाईक पद्धत) क्रेडिटचे धरतात. तुमच्या तीन वर्षांच्या पदवीला स्थानिक १२० क्रेडिट असतील तर एकाचे साधारण दीड होतात. शेवटचा शब्द विद्यापीठाचा असला तरी आपला हिशेब आधी झालेला बरा. जिथे खड्डा दिसेल तिथे एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ) फूड इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी. त्याने खड्डा बुजेलच असे नाही, पण अर्जात बोलायला जागा मिळते.

जर्मनीसाठी आणखी एक गणित असते, गुणांचे. सूत्र असे: १ अधिक ३ गुणिले (कमाल गुण वजा तुमचे गुण) भागिले (कमाल गुण वजा उत्तीर्णतेचे गुण). १० पैकी ७.५ सीजीपीए असेल आणि उत्तीर्णतेची रेघ ४ ला असेल तर उत्तर येते २.२५. तीच रेघ ५ ला असेल, जशी कृषी विद्यापीठांत असते, तर २.५. जर्मनीत लहान आकडा चांगला, आणि अनेक ठिकाणी प्रवेशाची मर्यादाच २.५ असते. म्हणजे गुण तेच, पण एक जण आरामात आत आणि दुसरा उंबऱ्यावर. एजंट सगळ्यांना सरसकट ४ लावून आकडा दाखवतात. आपल्या गुणपत्रिकेच्या मागची ग्रेडची तळटीप स्वतः वाचा.

‘जर्मनीत फी नाही’ हेही अर्धेच खरे. अन्नविज्ञानासाठी नावाजलेले होहेनहाइम विद्यापीठ श्टुटगार्टला आहे, म्हणजे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, आणि तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला (सहामाहीला) १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्यांना फी लावली. मास्टर्सला ती सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. त्याशिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे आणि त्याआधी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारे) काढायचे, त्याची फी १८,००० रुपये. सरकारी जर्मन विद्यापीठे एजंटला सहसा कमिशन देत नाहीत, हे लक्षात ठेवले की काही ऑफिसांत जर्मनीची चौकशी करायला गेलेला मुलगा इंग्लंडचे ब्रोशर घेऊन का बाहेर पडतो ते उमगते.

इंग्लंडची एम.एस्सी. एका वर्षात संपते, हा तिचा गुणही आणि दोषही. १८० क्रेडिटपैकी ६० बहुधा प्रबंधाचे असतात, आणि नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षे १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांवर येणार आहेत. लीड्स, रेडिंग, नॉटिंगहॅम ही अन्नविज्ञानाची जुनी ठिकाणे. त्यांची नावे सोडून कुठल्याशा नव्या कॅम्पसचे नाव पुढे केले गेले तर कारण विचारा. ज्यांचे गुण उत्तम आहेत त्यांनी एरास्मुस मुंडुस ही युरोपीय संघाची शिष्यवृत्ती आधी बघावी: फी माफ, महिना १,४०० युरो, आणि अर्ज साधारण हिवाळ्यातच संपतात. आपल्याकडे त्याची आठवण उन्हाळ्यात होते.

आता सीमाभागाची खास दुखणी. एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) गुणपत्रिकेवर नाव आद्याक्षरासह, कोल्हापूरच्या पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर तिसराच क्रम. जन्मदाखला जुना, हाती लिहिलेला, कन्नड. २०१४ च्या १ नोव्हेंबरपूर्वीच्या कागदांवर ‘बेलगाम’, नंतरच्यांवर ‘बेळगावी’. शहराच्या नावावरून कोणी अडवत नाही, पण माणसाच्या नावावरून अडवतात. पासपोर्ट प्रमाण मानून एकच प्रतिज्ञापत्र करा, त्यात नावाची सगळी रूपे जशीच्या तशी लिहा, आणि दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. पदवी महाराष्ट्रातली असेल आणि अपोस्टिल (परदेशात चालणारे सरकारी साक्षांकन) लागलेच, तर राज्यपातळीवरचे साक्षांकन महाराष्ट्रातच होते, बेंगळुरूत नाही. उलट जर्मन व्हिसासाठी घरचा पत्ता कर्नाटकातला असेल तर बेंगळुरूचेच वाणिज्य दूतावास. मुंबई जवळ वाटते म्हणून तिकडची वेळ घेऊ नये.

पैशाच्या कागदांतही फसगत होते. इंग्लंडसाठी रक्कम खात्यात सलग २८ दिवस लागते, त्यामुळे उसाचे बिल जमा झाले की दुसऱ्या दिवशी अर्ज, असे चालत नाही. खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे हवे; काका-मामा कितीही तयार असले तरी त्यांचे चालत नाही. शैक्षणिक कर्जाला चार एकर ऊस दाखवला तरी बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. गावातल्या घराचा ई-स्वत्तू (कर्नाटकात पंचायतीकडून मिळणारा मालमत्तेचा) उतारा मागतात, आणि त्यात फॉर्म ९ सोबत ११-ए लागतो. नुसता ११-बी (रीतसर मंजुरी नसलेल्या मालमत्तेचा) असेल तर बँक मागे सरते. तो दुरुस्त करायला पंचायतीत महिने जातात, म्हणून ऑफर लेटरची वाट न पाहता आधीच चौकशी करा.

उद्देशपत्राबद्दल (अर्जासोबतचे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’) थोडे जास्त लिहिणे भाग आहे, कारण तिथे मुले संधी सर्वांत जास्त वाया घालवतात. ‘लहानपणापासून मला अन्नाची आवड’ हे वाक्य रोज शेकड्यांनी वाचणाऱ्या माणसापुढे टाकण्यात अर्थ नाही. आपल्या दाराशी विषय पडलेले आहेत. संकेश्वर-निपाणीकडचा गूळ घ्या. पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटते ते रसातली साखर आम्लात आणि उष्णतेत फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाल्यामुळे, कारण हे दोन्ही हवेतली ओल ओढतात. गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो ती हे आम्ल मारायला. जास्त पडली तर गूळ काळवंडतो. मग रंगासाठी हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट हे रंग उजळवणारे रसायन), ज्याने काही आठवडे पिवळेपणा राहतो आणि सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमची मर्यादा ओलांडण्याचा धोका येतो. काहील उतरवण्याचे तापमान ११८ अंशांच्या आसपास. दोन अंश इकडेतिकडे झाले की घट्टपणा बिघडतो. एका गुऱ्हाळात तीन काहिलींचा सामू (पीएच), उतरवतानाचे तापमान आणि महिन्यानंतरची ओल मोजून ते आकडे उद्देशपत्रात मांडले, तर वाचणाऱ्याला कळते की या मुलाला प्रयोग म्हणजे काय ते ठाऊक आहे. सामूमापक, थर्मामीटर आणि ओव्हन कुठल्याही कॉलेजात असतात. कुंद्याचे, रताळ्याचे, खानापूरच्या फणसाचेही असेच करता येईल.

एक इशारा: फूड सायन्स म्हणजे न्यूट्रिशन नव्हे. न्यूट्रिशनची एम.एस्सी. केली म्हणून इंग्लंडमध्ये आहारतज्ज्ञ होता येत नाही. त्याला एचसीपीसीची (तिथली आरोग्य-व्यावसायिकांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी आणि मान्य अभ्यासक्रम वेगळा लागतो.

जे अजून बारावीत आहेत त्यांच्यासाठी: महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ हा पात्रतेचा वेगळा गट आहे. त्यातून फूड टेक्नॉलॉजीचे चार वर्षांचे बी.टेक. केले तर वर लिहिलेला विषयांचा खड्डा बराचसा पडतच नाही. आणि बाहेर जायच्या गडबडीत म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेची दोन वर्षांची एम.एस्सी. फूड टेक्नॉलॉजी कोणी बघतच नाही. तिची माहितीही सोबतच काढून ठेवावी.

— अन्नतंत्र विषयाचे काही शिक्षक, बेळगाव