एकटा इलेक्ट्रॉन आणि त्यांची गर्दी

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस की एका इलेक्ट्रॉनचं समीकरण कळलं की मटेरियलचं सगळं कळलंच, बाकी नुसती आकडेमोड. तेवढ्यात तुझी बस आली म्हणून माझं बोलणं राहिलं, ते आता लिहितोय.

अगं, तसं असतं तर सुपरकंडक्टिव्हिटीचं, म्हणजे वीज काहीच अडथळा न होता वाहण्याचं कोडं केव्हाच सुटलं असतं. पारा ४.२ केल्विनपर्यंत (साधारण उणे २६९ अंश सेल्सिअस) थंड केला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एकदम गायब होतो हे लायडनला कामरलिंग ओनेसच्या लॅबमध्ये १९११ ला दिसलं, तू म्हणतेस ते इलेक्ट्रॉनचं, श्रोडिंगरचं समीकरण आलं १९२६ ला, आणि हे का होतं ते सांगणारी बार्डीन, कूपर, श्रीफर यांची थिअरी थेट १९५७ ला! मधल्या काळात आइन्स्टाइन, हायझेनबर्ग, फाइनमन सगळ्यांनी डोकं लावलं आणि हात टेकले.

घोळ असा की यासाठी इलेक्ट्रॉनच्या जोड्या व्हाव्या लागतात, पण ते तर एकमेकांना ढकलतात, मग एकत्र येतील कसे? पहिला धागा १९५० ला मिळाला, पाऱ्याचा जड आयसोटोप (पाराच, पण अणू जरा जड) घेतला तर रेझिस्टन्स गायब होण्याचं तापमान जरासं खाली येतं, म्हणजे अणूंची जाळीपण यात सामील आहे. इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूचे आयन (जाळीतले पॉझिटिव्ह चार्जचे अणू) किंचित आत ओढले जातात, ते जड, जागेवर यायला वेळ लावतात, तोवर हा लांब गेलेला आणि मागे थोडा पॉझिटिव्ह भाग उरतो, दुसरा त्याकडे खेचला जातो. झाली जोडी.

व्हिडिओत ही जोडी फुगडी घालताना दाखवतात ना, ते डोक्यातून काढ. दोघांमध्ये शेकडो, कधी हजारो अणूंचं अंतर असतं आणि तेवढ्या जागेत दुसऱ्या लाखो जोड्या घुसलेल्या! त्यामुळे सगळ्या मिळून एकच अवस्था होते, एकट्याला धक्का देऊन बाजूला काढायचं तर जोडी तोडायची ऊर्जा मोजावी लागते आणि एवढ्या थंडीत ती मिळत नाही, म्हणून रेझिस्टन्सच उरत नाही. आता हे एकट्या इलेक्ट्रॉनमध्ये कुठे शोधणार तू?

आणि हेही सगळीकडे लागू नाही. १९८६ ला झुरिकला बेडनोर्ट्झ आणि म्युलरला कॉपर ऑक्साइडमध्ये बऱ्याच जास्त तापमानाला जी सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, ती कशी होते यावर अजून एकमत नाही. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) बिस्मथ हा धातू ०.५३ मिलिकेल्विनच्या (एक मिलिकेल्विन म्हणजे केल्विनचा हजारावा भाग) खाली सुपरकंडक्टर होताना दिसलं, २०१६ ला. त्यात लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन, नेहमीच्या थिअरीत ते बसत नाही. मला सगळ्यात भारी हेच वाटतं, गर्दीच नाही तरी हे होतंय!

या बिस्मथवरचा पेपर मेल करतो, निदान पहिलं पान वाच, रविवारी बोलू.

बाबा