फ्लॉवरला कुकर नको

रामबाग, इंदूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालास, फ्लॉवर कुकरला लावला, खोलीभर वास सुटला आणि भाजीचा गाळ झाला. अरे, तीन शिट्ट्यांत तूरडाळ शिजते, बिचाऱ्या फ्लॉवरचं काय होणार! फोनवर आई मध्येमध्ये बोलत होती, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लॉवर मोहरीच्या कुळातला. त्यात गंधक असतं, आणि जितका जास्त शिजवशील तितका वास वाढतो. शिवाय गड्ड्यात नव्वद टक्क्यांवर पाणीच, वरून आणखी कशाला ओतायचं? भाजी हिवाळ्यातच घे. याचं बी १८२२ साली इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत आलं. मूळचा थंडीचा, उन्हाळ्यात त्याला चव नसते. गड्डा घट्ट आणि पांढरा बघ. तुरे मोकळे करून कोमट पाण्यात मीठ-हळद टाकून दहा मिनिटं ठेव, अळ्या असल्या तर वर येतील. मग निथळून कपड्यावर अगदी कोरडे कर. ही पायरी सगळे गाळतात, तुझी आईसुद्धा (तिला सांगू नकोस).

सुक्या भाजीला जाड कढई, तेल जरा सढळ. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची. तुऱ्यांच्या कडा तांबूस होईपर्यंत मोठ्या आचेवर परत, मग चार-पाच मिनिटं झाकण. मीठ शेवटी; आधी घातलंस की पाणी सुटतं. बटाटा घालायचा तर तो आधी अर्धा शिजवून घे. रस्सा हवा असेल तर कांदा-खोबऱ्याचं वाटण, गोडा मसाला, मटार आणि उकळतं पाणी. तुरे मात्र सगळ्यात मागून सोड.

आता तुझ्यासाठी खास. आपल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतला भुट्ट्याचा (मक्याचा) कीस तुझा जीव की प्राण, आणि तिकडे हैदराबादला तो कोण देणार? फ्लॉवर जाड किसणीवर किसून तसाच कर. तुपात मोहरी-जिरं, हिंग, बारीक मिरची. कीस घालून ओलावा आटेपर्यंत परत, मग अर्धी वाटी दूध घालून तेही आटव. भुट्ट्याला स्वतःची गोडी असते, याला नसते, म्हणून साखर थोडी जास्त. लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटेल. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. भुट्ट्याची सर येत नाही, पण वाटी रिकामी होते.

संध्याकाळी भूक लागली तर जाड काप तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खमंग भाजून वर जिरावन, म्हणजे आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरव. मंचुरियन खावंसं वाटलं तर बाहेर खा. त्या तळणाचं उरलेलं तेल आठवडाभर कुठं ठेवणार?

देठ फेकू नकोस. साल काढून बारीक चिरले तर पोह्यांत छान लागतात. कोवळ्या पानांची बेसन पेरून भाजी होते, ती मला फ्लॉवरपेक्षाही आवडते.

आई गाजर, मटार आणि फ्लॉवरचं लोणचं घालणार आहे, फेसलेली मोहरी घालून. तुझ्या खोलीवरच्या मित्रांना तिखट कितपत चालतं ते कळव, म्हणजे बरणी वेगळी काढता येईल. जिरावनही त्याच डब्यात येईल.

तुझे,
बाबा