पोह्यांना झोडपताय, पण चहाचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नाश्त्यावरचा लेख वाचला. पोहे बंद करा, उपीट बंद करा, साबुदाणा तर विषच, असा एकूण सूर होता. तो लेख आमच्या फॅमिली ग्रुपवर इतक्या वेळा फॉरवर्ड झाला की शेवटी जाऊबाईंनी वैतागून लिहिलं, "मग सकाळी खायचं तरी काय, वारा?" म्हणून हे पत्र. मोठं झालंय, आधीच सांगते.

मी डॉक्टर नाही की डाएटिशियन नाही. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं लॅब टेक्निशियन होते, आता रिटायर आहे. पण माणसं सकाळी उठून काय खातात हे माझ्याइतकं क्वचित कुणी विचारलं असेल, कारण ते विचारणं हीच माझी ड्युटी होती. फास्टिंग शुगरसाठी निदान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको, म्हणून सुई टोचायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, काही खाल्लंय का? आणि रोज, अगदी रोज ठरलेलं उत्तर यायचं, "नाही हो मॅडम, काहीच नाही, फक्त चहा." मग नीट खोदून विचारलं की चहाबरोबर दोन बिस्किटं निघायची, नाहीतर टोस्ट निघायचा, एक आजोबा होते त्यांनी तर खारीची अख्खी पुडी संपवली होती आणि तरी स्वतःला उपाशीच समजत होते. खोटं बोलायचे नाहीत ते. चहा आणि त्यात बुडवलेलं हे आपल्या लोकांच्या हिशोबात खाणं धरतच नाहीत, तोंड धुतल्यासारखंच ते एक काम.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. लेखात पोह्यांना झोडपलंय आणि जे खरं ९० टक्के घरांत सकाळी सहा वाजता पोटात जातं (हा आकडा माझा अंदाज आहे बरं का, सर्व्हे नाही) त्याच्याबद्दल एक ओळ नाही.

हिशोबच करू. चहाचा चमचा साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. आमच्याकडं साताऱ्याला एका कपाला दोन चमचे हा रेट, पाहुणा असला तर अडीच, कमी घातली तर सासरची माणसं कंजूष ठरतात. उठल्यावर एक कप आणि पेपर वाचताना एक, झाली वीस ग्रॅम. बरोबर चार ग्लुकोज बिस्किटं, पाकिटाच्या मागं बघा, १०० ग्रॅममध्ये पाव भाग साखर असते, म्हणजे चार बिस्किटांत पाच ग्रॅम धरा. एकूण पंचवीस. आता जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, आणि आपल्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या एनआयएननं (राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ मध्ये आहाराच्या ज्या गाइडलाइन्स काढल्या त्यातही आकडा साधारण तोच, पंचवीस ते तीस. म्हणजे अजून अंघोळ व्हायचीय आणि दिवसाचा कोटा संपलासुद्धा. आणि एवढं खाऊन पोटात काय गेलं, तर साखर, मैदा आणि पामतेल. प्रोटीन शोधायला माझा जुना मायक्रोस्कोप आणावा लागेल.

आता पोहे. पोहे म्हणजे चपटा केलेला भातच, त्यात पाऊण भाग स्टार्च, हे लेखातलं बरोबर आहे, नाकारत नाही. पण पोहे नुसते कोण खातं? मी घरी काट्यावर वजन केलं. एका प्लेटला साठ ग्रॅम कोरडे पोहे, त्यातून प्रोटीन चारेक ग्रॅम. त्यात मूठभर शेंगदाणे, वीस ग्रॅम भरले, त्याचे अजून पाच. वर मोड आलेली मटकी किंवा मटार घातले की अजून भर. प्रॉब्लेम असा झालाय की पोह्यांतला शेंगदाणा गायब होत चाललाय, गाड्यावरच्या पोह्यांत तर पंधरा घासांना एक दाणा सापडतो, आणि त्याच्या जागी वरून मूठभर शेव आली. आमच्या ह्यांना शुगर आहे, दोन प्लेट पोहे, वर शेव, वर चहा असा त्यांचा वर्षानुवर्षांचा बेत, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर २१८. मग मी एक प्लेट केली, निम्मे पोहे निम्मी मटकी, एक उकडलेलं अंडं आणि चहा बंद, तर १७१. एका माणसावरचा प्रयोग आहे, ह्याला कुणी शास्त्र म्हणू नये, पण तो माणूस माझा असल्यामुळे मला पुरेसा आहे.

आणि लिंबू. पोह्यांवर लिंबू पिळायची पद्धत कुणी पाडली त्या बाईला (बाईच असणार) माझा नमस्कार. धान्यातलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह शरीराला सहज लागत नाही, त्याला क लागतं, म्हणजे व्हिटॅमिन सी. लिंबू पिळलं की ते काम होतं. आणि मग आपण काय करतो, तर त्यावर लगेच गरम चहा ओततो. चहातलं टॅनिन ते लोह धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लिंबाने कमावलं आणि चहाने घालवलं. त्याच २०२४ च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की जेवणाखाण्याच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. आता कांदेपोहे आणि चहा ही जोडी मोडायची म्हणजे महाराष्ट्रात लग्नं जमायची बंद होतील हे मला माहितीय, पण बघायच्या कार्यक्रमापुरती सूट द्या आणि एरवी मोडाच.

हे मी एवढं ताणून का सांगतेय ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा हिमोग्लोबीन साहलीच्या पद्धतीनं करायचे. काचेच्या नळीत ॲसिड, त्यात बोटातलं थेंबभर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग एकेक थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत जायचं, शेजारच्या पट्टीच्या तपकिरी रंगाशी जुळेपर्यंत. बायकांच्या सॅम्पलला पाण्याचे थेंब घालायलाच लागायचे नाहीत फारसे, आठवरच रंग जुळायचा. सात. कधी साडेसहा. बाईला बारा हवं, गरोदर असेल तर निदान अकरा. मशीन आलं, नळ्या गेल्या, आकडे मात्र तेच राहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा रिपोर्ट बघा, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक आहेत.

एक बाई अजून डोळ्यासमोर आहे, सातव्या महिन्यातली, दंडाला पट्टा बांधला तरी शीर लागेना. आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्या घरपोच दिलेल्या, बाई एकही चुकवत नव्हती, तरी हिमोग्लोबीन हलायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले गोळ्या खात नसणार, फेकून देत असणार. मी रक्त काढता काढता सहज विचारलं, गोळी कशाबरोबर घेता गं? म्हणाली, "सकाळच्या चहाबरोबर, म्हणजे विसरत नाही." किती शहाणपणाने विसरू नये म्हणून केलेलं, आणि नेमकं तेच नडलेलं. लिंबूपाण्याबरोबर घे म्हणून सांगितलं तिला. लोह कमी असायला एकटा चहा कारण नसतो हे मला कळतं, पाळी आहे, जंत आहेत, मुळात ताटातच कमी पडतं. पण ह्या एका गोष्टीला पैसा लागत नाही, नुसती वेळ बदलायचीय, म्हणून जीव तुटतो.

आणि लेखातल्या "घरच्यांना हेल्दी नाश्ता करून द्या" ह्या वाक्याचा मला राग आला तो वेगळाच. करून देणारी काय खाते? मुलाला डबा, नवऱ्याला पोहे, सासऱ्यांना पथ्याचं, आणि ही ओट्यापाशी उभी राहून रात्रीची चपाती चहात बुडवून खाते, की एकदम दुपारी एक वाजता जेवते. पोह्यांची कढई तिच्यापर्यंत येते तेव्हा तळाला चार मिरच्या आणि कढीपत्ता. मी हे कुणा दुसरीचं सांगत नाहीये, नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत माझाही नाश्ता हाच होता आणि रोज दुसऱ्यांचं हिमोग्लोबीन काढणाऱ्या बाईचं स्वतःचं ९.४ निघालं होतं. लॅबमध्ये हसले सगळे, मीही हसले, मग घरी येऊन रडले.

म्हणून ते "आपल्या आज्या काय खायच्या बघा" वालं पण मला पूर्ण पटत नाही. शिळी भाकरी, ताक, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा ही न्याहारी उत्तम होती यात शंका नाही, ज्वारी-बाजरी बिस्किटापेक्षा शंभर पटीनं बरी आणि नाचणीत तर १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पण आजी ती भाकरी खाऊन दिवसभर खुरपत होती, आपण स्कूटीवर बसतो. आणि शेवटी उरलेली शिळी भाकरी तिला आवडत होती म्हणून नव्हे, ताजी पुरुषांना लागायची म्हणून तिच्या वाट्याला यायची. ७२ च्या दुष्काळात आमच्या आईनं दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून आणलेली मला आठवतीय. तेव्हा जुनं ते सोनं म्हणताना जरा दमानं.

बाकीचं थोडक्यात. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचा नुसता स्टार्च, त्यात वाचवणारं काही असेल तर ते शेंगदाण्याचं कूट, त्यामुळे कूट सढळ हातानं घाला आणि संकष्टीपुरताच ठेवा. मिसळीतली मटकी चांगलीच, तर्री आणि तिसरा पाव कमी करा म्हणजे झालं. थालीपीठ, घावणे, आंबोळी, इडली, सगळं चालतं. ओट्स वाईट नाहीत पण मसालावाल्या पाकिटातलं मीठ बघून घ्या. ब्राऊन ब्रेड घेताना रंग बघू नका, पाकिटामागचं पहिलं नाव बघा, मैदा असेल तर तो मैदाच, कितीही काळा असला तरी. आणि दुधात घालायच्या चॉकलेट पावडरी, ज्या पाजून आपण पोरांची उंची वाढवायला निघालोय, त्यांना वेबसाइटवर 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला सांगावं लागलं, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात असल्या नावाचा प्रकारच नाही. डबा उलटा करून साखर किती ते वाचा, चष्मा लावून.

पोरांवरून आठवलं, चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं राज्य सरकारनं २०२४ मध्येच सांगितलंय. झोपेसाठी सांगितलंय, पण माझ्या मते त्याचा खरा फायदा पोटाला आहे. सातच्या व्हॅनला झोपेत चालणारं पोर बिस्कीट-दुधाशिवाय काय खाणार? नऊची शाळा असेल तर भाजी-चपाती खाऊन जाऊ शकतं. आमच्या शेजारची पोरगी मात्र अजून पावणेसातला कोपऱ्यावर उभी असते, हातात बिस्किटाचा पुडा.

आता शेवटचं, आणि हे थेट तुमच्याकडं मागणं आहे. आमच्या कोपऱ्यावर सकाळी पोहे, वडे, भजी मिळतात आणि पार्सल मागितलं की तुमच्याच पेपरच्या पानात बांधून मिळतं. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थाला लागते, ती पोटात जाणं बरं नाही, एफएसएसएआयनं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१६ मध्ये सांगितलं, परत २०२३ मध्ये सांगितलं, गाडेवाल्यापर्यंत पोचलं नाही कारण तो एफएसएसएआयच्या वेबसाइटवर जात नाही. तुमचा पेपर मात्र त्याच्या हातात रोज असतो. तेव्हा "या कागदात खाण्याचे पदार्थ बांधू नका" एवढी एक ओळ रोज प्रत्येक पानाच्या तळाला छापता येईल का? जागा फार लागणार नाही. आणि माझं पत्र जागेअभावी कापायचंच असेल तर मिसळ, ओट्स, ब्रेड सगळं कापा, लाल गोळीचं तेवढं राहू द्या.

कळावे,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा