वाचनालयातल्या 'सेवे'बद्दल थोडं

जळगाव

प्रिय आप्पा,

बठा मजामा शेतस ना? निवृत्त कामगारांना तुमच्या वाचनालयात 'सेवा' म्हणून घ्यायचं चाललंय, हे वाचलं. घ्या, पण फुकट नको. ईपीएस-९५, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन योजना, तिची किमान पेन्शन महिना १००० रुपये. त्यात गोळ्या-औषधं तरी भागतात का?

अमेरिकेत १९६५ च्या ज्येष्ठांसाठीच्या कायद्याखाली गरीब ज्येष्ठांना पगारी काम देत पुढच्या नोकरीसाठी शिकवायची योजना चालते. वय ५५ किंवा पुढे, कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीच्या आत, आठवड्याला सरासरी २० तास, किमान वेतन, आणि साधारण ४८ महिन्यांची मर्यादा, म्हणजे तिथेच मुक्काम नाही. जागा सरकारी किंवा ना-नफा संस्थेची. आणखी एक अट: पगारी माणसाला हटवून तिथं याला बसवायचं नाही. ही अट तुमच्या ठरावात पहिली घाल. नाहीतर शिपायाची जागा रिकामी ठेवतील, झाडू आजोबांच्या हातात देतील, आणि शिकणं राहील बाजूला.

२० तास म्हणजे पाच दिवस, रोज चार. तीन तास काम, एक तास शिकवणी. एप्रिल-मेमध्ये सकाळी ८ ते १२ च ठेव, आपलं ऊन तुला माहीत आहे.

माणूस पुढे कुठे लागणार, हे पहिल्याच आठवड्यात ठरव. कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर जायचा असेल तर भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं, वजाबाकी आणि पावती, एवढं एक्सेल पुरे. अख्खा संगणक कोर्स माथी मारू नकोस. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास भरात येतो, म्हणून जूनमध्ये सुरू कर, तोवर हात बसेल. रावेर-यावलकडे केळीच्या गाड्यांचा हिशोब ठेवणाराही लागतो, आणि तो बारमाही.

अडतं ते भलत्याच जागी. दुहेरी चष्म्याचा माणूस खालच्या भिंगातून वाचतो, संगणकाचा पडदा उंच असला की हनुवटी वर करून बसतो आणि दोन दिवसांत मान धरते. मग म्हणायचं, 'म्हाताऱ्याला जमत नाही.' पडदा डोळ्यांच्या बराच खाली ठेव, अक्षर मोठं कर. टायपिंगआधी मोबाइलवर बोलून लिहायला शिकव, भीती लवकर मोडते. आणि हजेरी वहीवर सहीनं घे. आयुष्यभर राबलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, आणि दिवस बुडतो.

साठी उलटलेल्यांची नावं केंद्र सरकारच्या 'सेक्रेड' या ज्येष्ठांच्या नोकरीसाठीच्या पोर्टलवरही टाक, २०२१ पासून ते आहे. पण काम मिळेल ते काटेवाल्याकडे स्वतः जाऊन बोललास तरच.

ठरावाचा मसुदा पाठव. मानधन कोण देणार आणि किती तारखेला, ती ओळ कोरी ठेवू नकोस.

तुझा,
नाना